वीतभर हवा

प्रिय धाकट्या,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन बसले. हे पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण वाचून फाड. न वाचता फाडलंस तर ताईने काय लिहिलं असेल या विचाराने तुला चैन पडणार नाही, आणि त्याचा दोषही माझ्याच माथी येईल. अक्षर तेच आहे, कोंबडीच्या पायांचं. चष्मा नवा घेतला, अक्षर काही सुधारलं नाही.

आधी आनंदाची बातमी देते. तू टाकलेली दुसरी लाइन गेल्या बुधवारपासून पुन्हा सुरू झाली. अठ्ठेचाळीस घरांचं अंघोळीचं आणि कपडे धुतलेलं पाणी पुन्हा खालच्या हौदात येतं, वाळूतून गाळलं जातं, त्यात औषध पडतं, पंपाने ते गच्चीवरच्या दुसऱ्या टाकीत चढतं आणि तिथून घराघरांतल्या फ्लशच्या टाक्यांत उतरतं. तुझीच लाइन तुलाच समजावून सांगते म्हणून हसू नकोस. सात महिने ती बंद पडलेली बघितल्यावर चालू झाल्याचं दहादा सांगावंसं वाटतं. बुधवारी सकाळी पंपाचं बटण दाबलं, जांभळ्या पट्ट्याच्या पाइपांतून पाणी गुडगुड करत वर चढायला लागलं, आणि मी पंपघरात स्टुलावर बसून चक्क रडले. पंपघरात रडायची एक सोय आहे, पंपाच्या आवाजात कुणाला ऐकू येत नाही.

तुमच्याकडे पाण्याचं कसं आहे? इथे दुष्काळाचं हे तिसरं वर्ष. तू गेलास तेव्हा दिवसाआड पाणी यायचं, आता पाच दिवसांतून एकदा येतं, तेही मोजून चाळीस मिनिटं. लोक शहाणे झालेत. झाले म्हणजे काय, व्हावंच लागलं. भांडी विसळलेलं पाणी बादलीत, बादलीतलं फरशीला, फरशीचं कुंडीला. दुसऱ्या मजल्यावरचं जोडपं परातीत उभं राहून अंघोळ करतं म्हणे. परात त्यांची, अंघोळ त्यांची, मला काय करायचंय. सेक्रेटरीसाहेब तर कुणाच्या घरात नळ जरा जास्त वेळ वाजला की जिन्यातूनच मोठ्याने खोकतात, आणि गंमत म्हणजे नळ लगेच बंद होतो. पण एवढं सगळं करूनही प्यायचं पाणी संडासात ओतावं लागायचं. ते ओतताना एकेकाचा जीव तुटायचा. दुसरी लाइन तयार, भिंतीत बसलेली, रंगवलेली, आणि तिच्या व्हॉल्व्हला कुलूप. कारण तिच्यावर कुणाचा विश्वास नव्हता. म्हणजे तुझ्यावर नव्हता.

ते दिवस आठवायला मला नको वाटतं, पण ते ओलांडून पुढे जाता येणार नाही. लाइन सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. एका दिवसात चार मजल्यांवरची अकरा माणसं उलट्या-जुलाबांनी आडवी झाली. चौथ्या मजल्यावरच्या घड्याळवाल्या काकांना तर दवाखान्यात न्यावं लागलं, चार दिवस सलाइनवर होते. स्वयंपाकघरातल्या पाण्याची तपासणी केली तर त्यात अंघोळीचं पाणी मिसळलेलं निघालं. मग काय, शोधायला कुणाला लांब जावं लागलं नाही. दोन लाइनी शेजारी शेजारी टाकणारा एकच माणूस होता. कुठेतरी ही लाइन त्या लाइनीला जोडली गेली, असं ठरवूनच सगळे पार्किंगमध्ये जमले. भिंती फोडून खात्री करून घ्यायची कुणाची तयारी नव्हती, तुझी खात्री मात्र सगळ्यांना होती. तू पहिल्यांदा म्हणालास, माझा जोड चुकत नाही. दुसऱ्यांदा तेच म्हणालास, पण जरा हळू. तिसऱ्यांदा सेक्रेटरीसाहेबांनी विचारलं तेव्हा तू म्हणालास, चुकलाही असेल. आणि मग माझ्याकडे बघितलंस. मी खाली बघत होते, चपलेचा तुटलेला पट्टा न्याहाळत होते. जसं काही त्या चपलेवाचून सगळ्यांचं अडलं होतं.

तू हत्यारांची पिशवी उचललीस आणि आठवड्याभरात बायको-पोरीला घेऊन शहर सोडलंस. लोक म्हणाले, बघा, पळाला. मी कुणाला काही बोलले नाही.

आता मध्येच एक जुनी गोष्ट लिहिते, रागावू नकोस. तुझे दाजी गेले आणि पंपघराचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला धड पाना धरता येत नव्हता. तू दर रविवारी यायचास आणि शिकवायचास. मी तुझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, तुझं नाक पुसलेली, तुला पाढे शिकवलेली, आणि आता तू मला व्हॉल्व्ह शिकवणार! मी प्रत्येक गोष्टीत फाटे फोडायचे. तू एकदा म्हणालास, ताई, टाकी भरताना नळीचं टोक कधी पाण्यात बुडू द्यायचं नाही, टोक आणि पाणी यांच्यात वीतभर हवा पाहिजे. मी विचारलं, वीत कुणाची, तुझी की माझी? तू हसलास, पण लगेच गंभीर झालास. म्हणालास, आपण डब्यातून रॉकेल काढताना नळी तोंडात धरून ओढायचो ना, तसं पाइपसुद्धा ओढतो. पाइप रिकामा झाला की तो मागून जे मिळेल ते ओढतो, चांगलं-वाईट बघत नाही. मी हो हो म्हटलं आणि चहा टाकला. कळतं पण वळत नाही म्हणतात, ते माझ्यासारख्यांना बघूनच म्हणत असावेत.

तर आता लाइन सुरू व्हायच्या आदल्या दिवसाचं, मंगळवारचं सांगते. पहिल्या मजल्यावर गेल्या वर्षाअखेर एक निवृत्त मास्तरीणबाई राहायला आल्या, आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेल्या. बुटक्या, आवाज मात्र मैदानावरचा. बैठकीत सगळे दुसऱ्या लाइनीच्या नावाने बोटं मोडत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, जोड चुकलाय की नाही हे बघायला भिंत कशाला फोडायची? दुसऱ्या टाकीत निळा रंग घाला. स्वयंपाकघरातल्या नळाला निळं पाणी आलं तर जोड चुकला, नाही आलं तर नाही. एवढं साधं! सात महिने आम्ही तोंडाने भांडत होतो आणि बाईंनी ते चमचाभर रंगात आणून ठेवलं. सेक्रेटरीसाहेबांना नियमांत असं कुठे लिहिलेलं सापडेना, म्हणून ते जरा घुटमळले, पण बाईंनी त्यांच्याकडे वर्गातल्या मागच्या बाकाकडे बघावं तसं बघितलं. मंगळवार सकाळ ठरली.

दुसरी टाकी भरून घेतली, त्यात बाईंनी स्वतःच्या हाताने रंग ढवळला, आणि मी लाइनीच्या व्हॉल्व्हचं कुलूप काढलं. मग पिण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, म्हणजे पिण्याच्या लाइनीत जोर राहणार नाही आणि कुठे चुकीचा जोड असेलच तर निळं पाणी तिथून घुसल्याशिवाय राहणार नाही. प्रत्येक घराला सूचना होती: स्वयंपाकघरातल्या नळाखाली पांढरी बशी किंवा पांढरा कप ठेवायचा, घंटा वाजली की आधी फ्लश ओढायचा, मग नळ उघडायचा, आणि काय दिसतं ते जिन्यात येऊन ओरडून सांगायचं. मी तळमजल्यावर कागद घेऊन उभी, घराघरापुढे खूण करायला. घंटा वाजली. अठ्ठेचाळीस फ्लश एकदम ओढले गेले, आपली अख्खी इमारत एकदम गरजली. फ्लशमध्ये निळंशार पाणी बघून पोरं नाचायला लागली. मग नळ. पाइपात उरलेलं थोडं थोडं पाणी बशांत पडलं आणि वरून आवाज यायला लागले. पहिला मजला, स्वच्छ. दुसरा, स्वच्छ, स्वच्छ, स्वच्छ. तिसरा, चौथा. आणि सहाव्यावरून किंकाळी आली, निळं! निळं आलं!

धाकट्या, मी सहा जिने धावत चढले. या गुडघ्यांनी. आणि जिना चढताना माझ्या मनात काय चाललं होतं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. अर्धं मन म्हणत होतं, देवा, निळं नको. आणि उरलेलं अर्धं म्हणत होतं, निळंच असू दे. निळं असेल तर चूक धाकट्याची, आणि मी सुटले. सख्ख्या भावाबद्दल मी असा विचार केला. वर पोचले तर काय, त्या गृहस्थांनी पांढऱ्या बशीऐवजी निळा प्लास्टिकचा वाडगा ठेवला होता. त्यात अमृत पडलं असतं तरी निळंच दिसलं असतं! मागोमाग मास्तरीणबाई धापा टाकत आल्या, त्यांनी वाडग्यातलं पाणी पांढऱ्या कपात ओतलं. काचेसारखं स्वच्छ. बाईंनी त्या गृहस्थांना जे काही सुनावलं, ते त्यांचे शाळेचे दिवस त्यांना परत देऊन गेलं असेल. अठ्ठेचाळीसपैकी अठ्ठेचाळीस घरं स्वच्छ. खाली लोक टाळ्या वाजवायला लागले.

मी सुटले असं का म्हणाले, ते आता सांगायलाच हवं. लोक आजारी पडले त्याच्या तीन दिवस आधी खालचा पंप जळाला होता, तुला आठवत असेल, तू तो दुरुस्तीला घेऊन गेला होतास. दुसरी टाकी कोरडी पडत आली, वरचे मजले माझ्या नावाने शंख करायला लागले. तेव्हा मी काय केलं, गच्चीवर पिण्याच्या पाइपाला जो नळ आहे, त्याला रबरी नळी लावली आणि तिचं दुसरं टोक दुसऱ्या टाकीत सोडलं. तेवढ्यापुरतं, पंप येईपर्यंत. टोक पार तळाशी गेलं. वीतभर हवा सोडायची आठवण झाली होती बरं का, नाही असं नाही, पण नळी वर राहीना, सारखी घसरायची, तिला बांधायला दोरी आणायला आठ जिने उतरायचा कंटाळा आला. पंप आला, दुसरी टाकी भरली, आणि नळी तशीच राहिली, नळही उघडाच. मग पालिकेचं पाणी आलं नाही, पिण्याची टाकी रिकामी झाली, खाली कुणीतरी नळ सोडला, आणि पाइपाने मागून जे मिळालं ते ओढलं. तू सांगितलं होतंस तसंच, अगदी तसंच.

लोक आजारी पडल्याचं कळलं त्या सकाळी मी गच्चीवर गेले आणि नळी बघितली. नळी काढली, गुंडाळली, पंपघरात मागे टाकून दिली. कुणी बघितलं नाही. मी मनाला समजावलं, नळीनेच झालं असेल कशावरून? तुझा जोडही चुकला असेल. पंपघराशेजारची ही खोली, ही नोकरी, एवढंच माझ्याकडे आहे, ते गेलं तर मी जाऊ कुठे, असंही वाटलं. तुझं काय, तू तरणाताठा, हातात कला आहे, दुसरीकडे काम मिळेल. असं मी तुझ्या वतीने परस्पर ठरवूनही टाकलं. खाई त्याला खवखवे म्हणतात. सात महिने घशाखाली घास गेला पण खवखव गेली नाही.

टाळ्या थांबल्यावर सेक्रेटरीसाहेबांनी चष्मा पुसत विचारलं, जोड जर सगळे बरोबर आहेत तर तेव्हा पाणी मिसळलं कसं? आणि मी सांगितलं. पार्किंगमध्ये, त्याच जागी उभी राहून, नळीपासून चपलेच्या पट्ट्यापर्यंत सगळं. गुंडाळलेली नळी आणून मध्ये टाकली.

घड्याळवाले काका उठले, मला वाटलं आता शिव्या देणार, आणि त्यांचा हक्कच होता. ते म्हणाले, अगं, माझ्या सलाइनचं जाऊ दे, मी तुझ्या भावाला सगळ्यांसमोर निष्काळजी म्हणालो, तो शब्द आता मी परत कसा घेऊ ते सांग. सेक्रेटरीसाहेब कधी नव्हे ते नियम न सांगता नुसते बसून राहिले. सगळ्यात जास्त चिडल्या त्या मास्तरीणबाई. म्हणाल्या, चूक करणारी मुलं मी हजारो बघितली, पण शेजारच्याला पट्टी बसताना गप्प बसणारी मला कधीच आवडली नाहीत. बरोबरच होतं. शेवटी हात वर करून मतं घेतली. नोकरी राहिली, थोडक्यात राहिली. गच्चीची किल्ली माझ्याकडून काढून बाईंकडे दिली, आता टाकीचं कुठलंही काम दोघांनी मिळून करायचं. बाईंनी नळीही कापून आखूड केली, इतकी की टोक पाण्याला टेकणारच नाही, कुणी कितीही आळस केला तरी. चौथ्या मजल्यावरच्या दोघी अजून माझ्याशी बोलत नाहीत. न बोलोत. त्यांची पोरं तेव्हा आजारी होती.

पण तुला खरं सांगू? हे सगळं होऊनही जीव भांड्यात पडला. मंगळवारी दुपारी खोलीत येऊन पंख्याखाली आडवी झाले ती थेट पाच वाजता उठले. सात महिन्यांत अशी झोप नव्हती लागली. आता जिन्यात कुणी भेटलं की मी सरळ तोंडाकडे बघते. लोक टोमणे मारतात, परवा एकाने विचारलं, आज नळी कुठे ठेवलीत ताई? मारू देत. पोटात ठेवण्यापेक्षा टोमणे बरे. आणि लाइन झकास चालतेय. रोज दहा हजार लिटर पाणी पुन्हा वापरात येतं, पिण्याची टाकी आता पाच दिवस पुरून उरते. शेजारच्या दोन इमारतींचे लोक बघून गेले. त्यांनी विचारलं, जोडकाम कुणाचं? सेक्रेटरीसाहेबांनी तुझं नाव घेतलं, छाती पुढे काढून, जणू तुला त्यांनीच शिकवलं. माझ्या ओठांवर आलं होतं काहीतरी, पण गिळलं. सध्या मला बोलायची सोय नाही.

हे पत्र माफी मागायला लिहिलेलं नाही. ती मागायची तर गाडीत बसून येईन आणि तुझ्या दारात उभी राहीन, तू दार उघड नाहीतर उघडू नकोस. लिहिलं ते एवढ्यासाठी की सोमवारी, रंग घालायच्या आदल्या दिवशी, तुझ्या पोरीचा फोन आला होता. तिला रागावू नकोस, तिने बिचारीने आईच्या फोनवरून चोरून केला. मी इतके दिवस समजत होते की तू माझ्यावर चिडला आहेस, ताईने सगळं माहीत असून मला बुडवलं म्हणून. पोरगी म्हणाली, आत्या, बाबांनी हत्यारांची पिशवी माळ्यावर टाकून दिलीय. घरातला नळ गळत होता तर बाहेरून माणूस बोलावला, म्हणाले माझ्या हातावर भरवसा नाही. जेवता जेवता मध्येच थांबतात, घास हातात तसाच, आणि बोटांवर काहीतरी मोजत बसतात. विचारलं तर म्हणतात, तिथे दोनशे सोळा जोड केले होते, त्यातला कुठला चुकला तो शोधतोय, त्याने माणसं मरायला टेकली. धाकट्या, हे ऐकलं नसतं तर सगळ्या बशा स्वच्छ निघूनसुद्धा मी तोंड उघडलं नसतं, तेवढी मी वाईट आहे. पण तुला माझ्यावर संशयसुद्धा आला नाही रे! तू सगळीकडे शोधलंस, फक्त माझ्यापाशी शोधलं नाहीस. तर ऐक, तुझ्या मोठ्या बहिणीचं शेवटचं एक ऐक. दोनशे सोळाच्या दोनशे सोळा जोड बरोबर आहेत. मोजणं बंद कर आणि नीट जेव.

तुझीच,
ताई